कुशाबाईचा हुंकार

कुशाबाई दमली होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं तिच्या तोंडून काही वाकडं निघालं तर तुम्ही तिला बोल लावणार नाही. कामानं माणूस दमतं, त्याचं एक बरं असतं. रात्री पाठ टेकली की सकाळपर्यंत निम्मं उतरतं. कुशाबाईचं दमणं तसलं नव्हतं. ते हाडात जाऊन बसलं होतं, आणि पाठ टेकायला तरी सवड कुणाला होती?

वारूळवाडीत रिखबचंद शेठच्या किराणा दुकानाला लागून मागच्या अंगाला दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत खाट, खाटेवर तिचा नवरा दादाभाऊ. त्याला उठवायचं, बसवायचं, या कुशीवरून त्या कुशीवर करायचं, ओली चादर काढायची, सुकी घालायची, घास मऊ करून भरवायचा, गळ्याखाली फडकं धरायचं. एवढं उरकेस्तोवर पहिली चादर पुन्हा ओली. दिवाळी झाली आणि हे सुरू झालं, आता उन्हाळा लागला तरी तेच. तिचा स्वतःचा गुडघा सुजलेला, पण त्याच्याकडं बघायला वेळ मिळेल तेव्हा ना.

दादाभाऊ म्हणजे पूर्वी कालव्यावरचा पाटकरी. कोणाला कधी पाणी सोडायचं, ते सांगत कालव्याच्या कडेनं सायकलवर फिरायचं हे त्याचं काम. माणूस अंगानं काटकुळा, पण आवाज! "पानी सुटलंऽऽ" अशी आरोळी दिली की उसात वाकलेला माणूस ताठ व्हायचा. रात्रीचं चोरून पाणी घेणारे त्याच्या सायकलीला भीत नसत, त्याच्या खाकरण्याला भीत. गावात फोन आले तरी लोक म्हणायचे, फोनला रेंज नसते, दादाभाऊला असते.

आज्यापासूनचं ख्रिस्ती घर. राम राम म्हणणाऱ्याला राम राम, आणि आपल्या मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं, कोणी भेटलं तर सलाम. जेवणं झाली की दादाभाऊ चष्मा लावून बायबल उघडायचा, आणि कुशाबाई समोर बसून हुंकार द्यायची. हुंकार म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक असेल. घरात कधी कोणी गोष्ट सांगितली नसेल तर नसेलही. गोष्ट सांगणाऱ्यासमोर कोणीतरी "हं" म्हणणारं लागतं. "हं" आला की सांगणारा पुढं जातो, नाही आला तर थांबतो. दादाभाऊनं ही घरची रीत बायबललाही लावली होती. एक ओळ वाचायची, थांबायचं, "हं" आला की पुढची.

कुशाबाई दिवसभर दुसऱ्याच्या रानात निंदायला जायची. संध्याकाळी डोळे मिटायचे आणि हुंकार चुकायचा. मग वाचन बंद.

"कुशे, देव बोलतोय आन् तू घोरतीस?"

"देवाला म्हनावं सकाळच्याला बोलत जा. दिसभर वाकून माझी कंबर मोडली."

"देव काय तुझ्या मुकादमाचं ऐकून बोलनार हाय व्हय?"

"मग वाचा की! हं म्हनलं न्हवं!"

तिला अक्षर येत नव्हतं. दादाभाऊनं शिकवायचं दोनदा मनावर घेतलं, दोन्ही वेळा भांडण होऊन थांबलं. त्यामुळं झालं असं की देवाचा म्हणून जो काही आवाज तिच्या कानावर आला तो सगळा दादाभाऊच्या गळ्यातून. बागेत लपलेल्या आदामाला देव हाक मारतो, "तू कुठं आहेस?" ती हाक दादाभाऊ अशी काढायचा की पाणी चोरून उसात लपलेला एखादा गडी आपणहून बाहेर यावा. रानात टाकून दिलेल्या हागार नावाच्या दासीशी देव बोलतो तिथं मात्र त्याचा आवाज खाली यायचा. तान्ह्या सुवार्ताला खोकला झाला होता, तेव्हा तो तिच्या पाठीवर हात फिरवत असाच बोलायचा. सुवार्ता म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. देवाला कोणाशी किती आवाज लागतो, हे दादाभाऊला बरोबर समजायचं.

"आपन बोलतो त्ये वाऱ्यावर जातं," तो सांगायचा. "देव बोलतो त्ये व्हतं. उजेड म्हनला, उजेड झाला."

हे त्यानं एकदा वाचलं तेव्हा वीज गेलेली होती आणि तो कंदिलाशी वाकून वाचत होता. "उजेड होवो" म्हणाला, आणि खरोखर लाइट आली. अख्ख्या आळीतली पोरं ओरडली, "आलीऽऽ!" दादाभाऊ स्वतःच दचकला. कुशाबाई हसून हसून लोळायची बाकी राहिली, पण मनात कुठंतरी तिला ते पटलंही. पुढं वीज गेली की ती म्हणायची, "अवं, वाचा की त्ये पहिलं पान."

आणि असल्या माणसाचा आवाज गेला.

लकव्यानं उजवं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली, आणि महिनाभरानं जेव्हा तोंडातून शब्द फुटला तेव्हा तो एकच फुटला. "न्हाई." स्वच्छ, ठणठणीत, जुन्या आवाजाची थोडी धार असलेला. पण तेवढाच. नारायणगावच्या डॉक्टरनं समजावून सांगितलं की डोक्यातली बोलायची जागा मेली आहे, त्यात एखादा शब्द शिल्लक राहतो, तोच सारखा येतो. त्याला नाही म्हणायचं असतं असं नाही. काही म्हणायचं असलं तरी तोच शब्द येणार.

कुशाबाईला डोक्यानं हे समजलं. काळजाला कोण समजावणार?

"अवं, च्या घेता?"

"न्हाई." आणि कप ओठाला लावला की सगळा संपवायचा.

"कूस बदलू?"

"न्हाई."

"दुकतंय का कुठं?"

"न्हाई."

एकदा तिनं विचारलं, "मी कोन हाय, वळखता का?" त्यालाही तेच उत्तर आलं. तो प्रश्न तिनं पुन्हा विचारला नाही.

दिवसभर शिव्या खाल्ल्या तरी माणूस तगून राहतं, पण दिवसभर "न्हाई" ऐकून बघा. घास भरवताना न्हाई, अंग पुसताना न्हाई, केसातून फणी फिरवताना न्हाई. तिचा जीव मेटाकुटीला आला. संध्याकाळ झाली की बिबट्याच्या भीतीनं आळीची दारं लागायची. मग दोन खोल्यांत ती आणि तो शब्द. बायबल फळीवर कापडात बांधलेलं. ते उघडून ती करणार काय?

पाळक, म्हणजे चर्चचा पाद्री, नवा होता, जुन्नरच्या मंडळीवर नुकताच आलेला, कोवळा मुलगा. त्याच्या कानावर हे गेलं आणि त्यानं मोठ्या मायेनं एक डबा आणून दिला. हातात मावेल एवढा स्पीकर, बटण दाबलं की सगळं बायबल आपोआप वाचून दाखवणारा. कुशाबाईला काय आनंद झाला! तिनं खाट सरळ केली, दादाभाऊला उशीला टेकवलं आणि बटण दाबलं.

आधी ढग गडगडले. मग वाजंत्री. मग देव बोलला, आणि तो असा बोलला की फळीवरची पातेली थरथरली. प्रत्येक शब्दामागं तोच शब्द पुन्हा घुमत येत होता.

कुशाबाईनं सवयीनं "हं" म्हटलं. डबा थांबला नाही. तिनं पुन्हा म्हटलं, तोवर तो पुढच्या अध्यायात गेला होता. तू हं म्हण नाहीतर मर, त्याला काय त्याचं! तरी तिनं चार दिवस नेटानं ऐकलं. दादाभाऊ तोंड भिंतीकडं करून पडायचा.

पाचव्या दिवशी भिंतीपलीकडून रिखबचंद शेठची बायको प्यारीबाई आली. राजस्थानातल्या जैन घरातून या गावात लग्न होऊन आलेली, आता आपल्यापेक्षा चांगलं मराठी बोलते. म्हणाली, "कुशाताई, एक बोलू? तुमचा देव फार ओरडतो गं बाई. आमच्या यांची दुपारची झोप मोडते."

"तो आमचा न्हवं," कुशाबाई म्हणाली. "आमचा असा न्हाई बोलायचा."

डबा बायबलाशेजारी फळीवर गेला. आता दोन्ही मुके.

इथवर तिनं सोसलं. खरी मोडली ती पुढच्या आठवड्यात. पाळक प्रभुभोजन द्यायला घरी आला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला भाकर आणि रस घरी आणून द्यायची पद्धत आहे. कुशाबाईनं पहाटेपासून दादाभाऊला न्हाऊ घातलं, पांढरा सदरा चढवला, खोली उदबत्ती न लावताही वास येणार नाही इतकी धुतली. पाळकानं प्रार्थना केली, वाकून दादाभाऊचा हात हातात घेतला आणि विचारलं, "दादाभाऊ, प्रभू येशूवर तुमचा विश्वास आहे ना?"

"न्हाई."

पाळकाचा चेहरा उतरला. त्यानं पुन्हा, हळू, एकेक शब्द तोडून विचारलं.

"न्हाई," दादाभाऊ म्हणाला. यावेळी जरा मोठ्यानंच.

"पाळकसाहेब, त्यास्नी योकच शबुद येतो," कुशाबाई म्हणाली. "मागं सांगितलं व्हतं की मी."

"हो काकू, माहीत आहे मला. पण असं तोंडावर नाही म्हटल्यावर... मी मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारतो. पुढच्या रविवारी येतो ना मी." त्यानं भाकर पुन्हा रुमालात गुंडाळली. वाईट नव्हता तो. चुकायला भीत होता एवढंच, आणि भ्यालेल्या माणसाकडून कोणाचंच भलं होत नाही.

तो गेल्यावर कुशाबाई खाटेशी उभी राहिली. डोळ्याला पाणी नव्हतं, रागच आला होता.

"येकदा हं म्हनाला असता तर काय झिजलं असतं तुमचं? जल्मभर माझ्याकडनं हं म्हनवून घेतलं! मी निंदून आले, वाफ्यात वाकून आले, तापानं फणफणले तरी हं म्हनाले. आन् तुमी? देवाला बी न्हाई?"

"न्हाई," दादाभाऊ म्हणाला.

तिनं फोन घेतला आणि सुवार्ताला लावला. सुवार्ता भोसरीला राहते, एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कामाला आहे, तिला दोन पोरं. अंथरुणावरच्या माणसांना ठेवून घेतात अशी एक जागा तिनं पुण्यात बघून ठेवली होती आणि ती आईच्या मागं कधीची लागली होती. बाबांना तिथं ठेवू, तू माझ्याकडं ये, नाहीतर तू त्यांच्या आधी जाशील. कुशाबाई दर वेळी फोन कट करायची.

"सुवार्ते," ती आता म्हणाली, "घेऊन जा तुझ्या बाला. माझ्यानं व्हईना."

मग सुवार्ता म्हणाली, "शनिवारी गाडी घेऊन येते, आई. तू कपडे भरून ठेव."

शुक्रवारी दुपारी बॅग भरून झाली. सदरे, लुंग्या, औषधं, चष्मा. आता चष्मा कशाला, असं मनात येऊन तिनं तो काढला, आणि पुन्हा आत ठेवला. मग केरसुणी हातात घेऊन उंबऱ्यात बसली ती बसलीच. केर तसाच राहिला. पोटात सकाळपासून काही नाही. देवा, पुरे झालं आता, एवढंच डोक्यात फिरत होतं. मला ने नाहीतर यांना ने, पण पुरे.

प्यारीबाई आपलं जेवण आटोपून सहज डोकावली. तिनं एक नजर बॅगेकडं टाकली, एक कुशाबाईकडं, आणि बॅगेबद्दल चकार शब्द काढला नाही.

"जेवलीस?"

"भूक न्हाई."

"भूक मी विचारली का? जेवलीस का, ते विचारलं." ती परत गेली आणि डबा घेऊन आली. फुलके, गट्ट्याची भाजी, तांब्याभर ताक. समोर बसून तिनं चार घास खायला लावले, मग दांडीवरची वाकळ काढून आतल्या खोलीत अंथरली. "आता आडवी हो. मी बसते दादाभाऊंपाशी. माळ तिथं ओढली काय आणि इथं ओढली काय, सारखंच."

"त्यांची चादर..."

"चार पोरं वाढवलीत मी. चादरीचं मला सांगू नकोस."

कुशाबाई पडली आणि मेल्यासारखी झोपली. कित्येक महिन्यांत तिला अशी झोप लागली नव्हती. कोणीतरी खांदा हलवत होतं तेव्हा दारातलं ऊन तांबडं झालेलं होतं.

"ऊठ," प्यारीबाई म्हणत होती. "ऊठ गं, अजून दोन घास खा. दिवस मावळायच्या आत खाऊन घे. उद्याचा दिवस तुला जड जायचा आहे."

कुशाबाई उठून बसली आणि तिच्याकडं बघतच राहिली.

"प्यारीबाई, ही गोष्ट तुला कुनी सांगितली?"

"कसली गोष्ट? भाजी गार होतेय, खा." मावळतीनंतर ती स्वतः पाणीही घेत नाही, तिला घरी जायची घाई होती. कुशाबाईनं मुकाट्यानं खाल्लं. घास गिळता गिळता तिला रडू आलं, आणि रडता रडता तिनं सगळी भाजी संपवली. प्यारीबाई गेली.

दिवे लागले. दादाभाऊ कोरड्या चादरीवर पडून आढ्याकडं बघत होता. कुशाबाईनं पाट ओढला आणि खाटेशी बसली, तो बसायचा त्या जागी.

"अवं, गोष्ट सांगू का येक?"

"न्हाई."

"सांगतेच मी. उद्या काय तुमी हितं नसनार." तिचा आवाज तिलाच परका वाटत होता. देवाची गोष्ट ती कधी बोललीच नव्हती, नुसती ऐकली होती. "एलीया म्हनून येक संदेष्टा व्हता. लई जबर. त्यानं हाक मारली की आभाळातनं आग पडायची. पर राणी त्याच्यावर उठली, तुझा जीव घेते म्हनली. तर ह्यो एवढा मोठा माणूस पळत सुटला, पळत पळत रानात गेला आन् येका झुडपाखाली पडला. कसलं झुडूप म्हनायचा तुमी? आपली बाभळच समजा. आन् देवाला म्हनला, पुरे झालं. आता माझा जीव घे."

ती थांबली. हे तिनं किती वेळा ऐकलं असेल, आणि किती वेळा त्यावर हं म्हणाली असेल. दुपारी उंबऱ्यात बसून ती तेच म्हणत होती, शब्दाला शब्द.

"मग देव काय बोलला?" तिनं स्वतःलाच विचारलं. "काय बी न्हाई बोलला. रागवला न्हाई, उपदेश केला न्हाई. आधी भाकर धाडली. दूतानं हलवून उठवलं, म्हनला, ऊठ, खा. त्यानं खाल्लं, पुन्यांदा झोपला. दूतानं पुन्यांदा उठवलं. ऊठ, खा, वाट लांब हाय, तुझ्यानं निभायची न्हाई." ती पदरानं नाक पुसत म्हणाली, "आन् तो दूत लसून-कांदा बी खात नसंल, कुनाला ठावं."

खाटेवरून काही आलं नाही. ती पुढं सांगत राहिली.

"मग तो चालत चालत देवाच्या डोंगरावर गेला. तितं गुहा व्हती, आपल्या मानमोडीच्या लेण्यावानी. तितं बसला. देव म्हनला, एलीया, तू हितं काय करतोस? बाहेर ये. आन् वारा सुटला. नाणेघाटात खालनं वर येतो न्हवं, घाटघरला आपन गेलतो, माझा पदर डोक्यावरनं उडाला आन् तुमी हसला, तसला वारा. त्याच्या शंभरपट. खडक फुटले. त्या वाऱ्यात देव व्हता का?"

"न्हाई," दादाभाऊ म्हणाला.

कुशाबाईचा हात पदरावर तसाच थांबला. तिनं त्याच्याकडं पाहिलं. तो आता आढ्याकडं बघत नव्हता.

"मंग भुई हालली. डोंगर गदागदा हालला. त्यात देव व्हता का?"

"न्हाई."

"मंग आग आली. सगळा डोंगर धडाडून पेटला. त्या आगीत? त्यात व्हता का देव?"

"न्हाई."

इतके महिने ती हा शब्द ऐकत होती, आणि आज पहिल्यांदा तो बरोबर जागी पडत होता. गोष्टीत हेच आहे. दादाभाऊ नेहमी हेच वाचायचा, वाऱ्यात परमेश्वर नव्हता, भूकंपात नव्हता, अग्नीत नव्हता, आणि दर खेपेला थांबून तिच्या हुंकाराची वाट बघायचा.

"आन् आगीमागनं," ती अगदी हळू म्हणाली. मोठ्यानं बोलायचं त्राणच नव्हतं तिच्यात, आणि इथं मोठ्यानं बोलायचं नसतंच. "आगीमागनं आवाज आला येक. बारीक. लई बारीक. कान दिला तरच यील असा. त्यात देव व्हता का, अवं?"

पलीकडं रिखबचंद शेठनं दुकानाचं शटर ओढलं. ते खडखडून बंद झालं. ती थांबून राहिली. दादाभाऊचे ओठ हलले, मिटले. न्हाई आलं नाही. तिनं वाट बघितली. मग त्याच्या नाकातून, मिटल्या तोंडानं, एक आवाज आला.

"हं."

आता तुम्ही म्हणाल, श्वास सोडला असेल म्हाताऱ्यानं. असेल. डॉक्टरही तेच म्हणेल. म्हणोत बापडे. कुशाबाईनं जन्मभर हुंकार दिले होते. हुंकार कोणता आणि श्वास कोणता, ते तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. तिनं त्याच्या छातीवर कपाळ टेकवलं आणि पोटभर रडली. त्याचा डावा हात तिच्या डोक्यावर आला आणि तिथंच राहिला. मग तिला गोष्टीचा शेवट आठवला. देवानं एलीयाला सुट्टी दिली नव्हती. आल्या वाटेनं माघारी धाडलं होतं. पण एकट्याला नव्हतं धाडलं, जोडीला एक माणूस दिलं होतं.

शनिवारी सकाळी सुवार्ता गाडी घेऊन आली. डोळे सुजलेले, रात्रभर झोपली नसावी.

"आई, आवरलं का बाबांचं?"

"न्हाई."

"बॅग तर भरलेली दिसतेय. ठेवू का गाडीत?"

"न्हाई."

"आई, आता पुन्हा तेच नको गं! मरशील तू. तुझं तोंड बघ आरशात. सांग ना, न्यायचं ना बाबांना?"

"न्हाई," कुशाबाई म्हणाली, आणि तिसऱ्या खेपेला तिलाच थोडं हसू आलं. "बस खाली. ऐक. मी दमलीया, ह्ये खरं हाय. उद्या बी दमंन. दुपारचं प्यारीबाई बसते म्हनलीया, सकाळीच इचारून आले, तवा मी झोपनार. शनवारी-रयवारी तू यायचं, मंग मी पुन्यांदा झोपनार. येवढं केलंस तर बास. आन् जाताना आदी जुन्नरला जा, पाळकाला निरोप दे. म्हनावं, भाकर घेऊन यावा. तुमी इचारायला चुकला. दादाभाऊ, देवाला सोडलंत का, असं इचारा."

सुवार्ता रडत होती की हसत होती, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. ती उठून खाटेपाशी गेली. इतक्या महिन्यांत ती बापाशी धड बोलली नव्हती. दर वेळी काही विचारायची, तो शब्द ऐकायची आणि बाहेर येऊन फोन बघत बसायची. आता तिनं त्याचा लुळा हात उचलून मांडीवर घेतला.

"बाबा," ती म्हणाली, "आम्हाला सोडून जायचंय का तुम्हाला?"

"न्हाई," दादाभाऊ म्हणाला.

सुवार्तानं बॅग उघडली, सदरे परत दांडीवर टाकले आणि चष्मा काढून फळीवर बायबलाशेजारी ठेवला.